बंदुकीची बैठक

मासिक उघडतांच 'बंदूक' हा शब्द दृष्टीस पडून घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या कपाळास आठी पडेल, आणि ज्यांना मीं शाळेंत तीस वर्षें शब्दरूपें घोकावयास लाविलीं ते माझे विद्यार्थी तर "मास्तरांना उतारवयांत हें काय सुचलें!" असें म्हणतील. त्या सर्वांस आरंभींच सांगतों कीं, या लेखांत शिकारीचें वर्णन नाहीं, युद्धाचें नाहीं, आणि बंदूक चालविण्याची शिकवण तर मुळींच नाहीं. लांकूड आणि पोलाद हीं दोन भिन्न स्वभावांचीं द्रव्यें एकत्र नांदवावयाचीं कशीं, एवढाच याचा विषय आहे. तो मला अमेरिकेंत एका शेजाऱ्यांच्या मोटारखान्यांत भेटला. तेथें घालविलेल्या आठ-दहा दिवसांत जें कळलें तें आपल्या घरांतहि विचार करण्यासारखें आहे असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीं कन्या व जामात यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां पेनसिल्व्हानिया संस्थानांतील एका लहानशा गांवीं सहा महिने राहून आलों. परदेशीं लेकीकडे गेलेल्या वृद्धांची स्थिति वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. सकाळीं तरुण माणसें कामास गेलीं कीं घर ओस. बोलावयास कोणी नाहीं, आणि पायीं जाण्यासारखें दुकान नाहीं. अशा वेळीं कुंपणापलीकडील एका गृहस्थांशीं माझा परिचय झाला. सत्तरी उलटलेले, विधुर, आणि आयुष्यभर एका यंत्रशाळेंत लेथवर काम केलेले असे ते होते. मोटार ठेवण्यासाठीं बांधलेल्या त्यांच्या खोलींत मोटारीखेरीज सर्व कांहीं होतें. भिंतीवर कानशी, पटाशा, पकडी अशा ओळीनें टांगलेल्या होत्या कीं, माझ्या एखाद्या विद्यार्थ्यानें धातुरूपें तशीं मांडलीं असतीं तर मीं त्यास पूर्ण गुण दिले असते.

त्या प्रांतांत हरणाची शिकार ही केवळ श्रीमंतांची करमणूक नसून शेतकरी-कामकऱ्यांच्या घरची वार्षिक रीत आहे. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं 'थँक्सगिव्हिंग' हा त्यांचा सण येतो. त्यानंतरच्या सोमवारीं बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडत असे, व त्या दिवशीं कित्येक शाळांना सुटी असे. २०१९ पासून हंगामाचा आरंभ आदल्या शनिवारीं होऊं लागला. परंतु बऱ्याच शाळांनीं सोमवारची सुटी कांहीं सोडली नाहीं. शाळामास्तर या नात्यानें मला या सुटीचें मोठें नवल वाटलें.

एके दिवशीं शेजाऱ्यांनीं कपाटांतून एक बंदूक काढून मला दाखविली. ती 'विंचेस्टर मॉडेल ७०' या जातीची होती. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील कारखान्यानें ही जात १९३६ सालीं काढली. पुढें १९६४ सालीं खर्च वांचविण्यासाठीं घडणीची पद्धति बदलण्यांत आली, म्हणून त्यापूर्वींच्या बंदुकांना जाणते लोक फार मान देतात. ही बंदूक शेजाऱ्यांच्या वडिलांनीं दुसऱ्या महायुद्धांतून परत आल्यावर घेतली होती. दस्ता अक्रोडाच्या लांकडाचा. जेथें गाल टेकतो तेथें वर्षानुवर्षांच्या घर्षणानें वार्निश उडून लांकूड जुन्या पाटासारखें गुळगुळीत झालेलें. आतां ही बंदूक त्यांना आपल्या चौदा वर्षांच्या नातीस द्यावयाची होती. परंतु एक अडचण होती: बंदूक खोटें बोलूं लागली होती.

शंभर यार्डांवर, बंदूक टेकूवर स्थिर ठेवून पांच गोळ्या झाडल्या, तर त्या चार इंचांच्या वर्तुळांत विखुरत. त्याहून वाईट म्हणजे, उन्हाळ्यांत नेम जुळवून ठेवावा, तर हिवाळ्यांत सगळा समूहच एका अंगास सरकलेला आढळे. ओळखीच्या लोकांनीं दोन सल्ले दिले. एक असा कीं, ही जुनी वस्तु एखाद्या संग्राहकास विकावी; मात्र तिला हात लावूं नये, कारण मूळ घडणींत फेरफार झाला कीं किंमत उतरते. दुसरा असा कीं, लांकडी दस्ता काढून टाकून कृत्रिम द्रव्याचा नवा बसवावा. शेजाऱ्यांना दोन्ही सल्ले मान्य नव्हते. बंदूक विकावयाची नव्हती. आणि वडिलांचा गाल ज्यावर टेकला तें लांकूडच काढून टाकल्यावर नातीस द्यावयाचें तरी काय? म्हणून त्यांनीं बंदुकीची बैठक घरींच नव्यानें बसविण्याचें ठरविलें, आणि मदतनीस म्हणून मला बोलाविलें.

मी घुटमळलों. ज्या घरांत मुंग्यांनाहि साखर घालतात तेथला मी. प्राणिहत्येच्या साधनास हातभार कसा लावावा? मीं हा संकोच त्यांना स्पष्ट सांगितला. ते रागावले नाहींत. म्हणाले, "नेम चुकणारी बंदूक हरणास जीवदान देत नाहीं. ती त्याचा पाय मोडते, नाहीं तर पोट फाडते, आणि मग तें दोन दिवस झुडपांत तडफडत राहतें. माझी नात जंगलांत जाणार हें ठरलेलें आहे. कोणती बंदूक घेऊन जाणार, एवढेंच माझ्या हातीं आहे." या उत्तरानें माझें समाधान झालें असें नव्हे, परंतु मला प्रत्युत्तरहि सुचलें नाहीं. घरीं येऊन सौभाग्यवतींना विचारलें. त्या म्हणाल्या, "लांकडालाच भोंक पाडायला जातां आहांत ना? मग जा. हरणाला पाडायला बोलावतील तेव्हां मला विचारा."

दुखण्याचें निदान

आतां 'बैठक' म्हणजे काय तें पाहूं. अशा बंदुकीचे मुख्य भाग तीन. पहिली नळी. दुसरी, नळी जिच्यांत आट्यांनीं घट्ट बसविलेली असते व बोल्ट जिच्यांत मागें-पुढें सरकतो ती पोलादी पेटी. तिला 'अॅक्शन' म्हणतात. तिसरा, या जोडीस पोटाशीं धरणारा लांकडी दस्ता. दस्त्यांत अॅक्शनसाठीं खोबण कोरलेली असते, आणि खालून दोन किंवा तीन स्क्रूंनीं अॅक्शन त्या खोबणींत आवळलेली असते. अॅक्शनच्या पुढल्या भागाखालीं एक आडवा पोलादी ठोकळा असतो. गोळी पुढें जातांना बंदूक मागें धक्का देते. तो धक्का या ठोकळ्याच्या पाठीमागील लांकूड झेलतें. पोलाद लांकडांत जसें बसतें, ती त्या बंदुकीची बैठक.

वरवर पाहणारास वाटतें कीं, स्क्रू घट्ट आवळले म्हणजे काम झालें. मलाहि तसेंच वाटलें होतें. परंतु खोबणीचा तळ पोलादाच्या तळाशीं तंतोतंत जुळत नसेल, तर स्क्रू आवळतांच पोलाद वांकतें. तें वांकणें डोळ्यांस दिसत नाहीं, पण लक्ष्यावर दिसतें. याचें गणित चौथींतील मुलासहि येईल. शंभर यार्ड म्हणजे ३,६०० इंच. वीस इंच लांबीच्या नळीचें तोंड एका अंगास कललें, तर त्रैराशिकानें लक्ष्यावरील चूक त्या कलाच्या १८० पट होते. वहीच्या एका कागदाची जाडी इंचाचे सुमारें चार सहस्रांश. म्हणजे कागदाएवढ्या कलानें लक्ष्यावर जवळजवळ पाऊण इंचाची चूक पडते. आपल्या ज्योतिषांत अंशाच्या साठाव्या भागास 'कला' म्हणतात. नेमबाज लोकहि याच मापानें बोलतात. एक कला म्हणजे शंभर यार्डांवर इंचाहून किंचित् अधिक अंतर. शिकारीची बंदूक एका कलेच्या आंत गोळ्या टाकूं लागली तर तिच्या धन्यास आणखी कांहीं मागावयाचें उरत नाहीं.

शिवाय गोळी सुटतांना नळी स्वस्थ नसते. गोळीला नळींतून बाहेर पडावयास सेकंदाचा सुमारें हजारावा भाग लागतो. पण तेवढ्या अवधींतच बंदूक मागें सरूं लागते आणि नळी छेडलेल्या तारेसारखी कंप पावते. हा कंप दर वेळीं सारखा असेल तर कांहीं बिघडत नाहीं, कारण गोळी दर वेळीं एकाच क्षणीं, एकाच दिशेनें बाहेर पडेल. परंतु लांकूड नळीला आज येथें आणि उद्यां तेथें टेकलें, तर कंप बदलतो आणि गोळीहि बदलते. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डॉ. फ्रँकलिन मान या वैद्यकीच्या पदवीधरानें अशा प्रश्नांच्या शोधांत आयुष्याचीं अनेक वर्षें घालविलीं, आणि १९०९ सालीं बंदुकीच्या गोळीच्या प्रवासावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. दस्त्याचा उपद्रव टाळण्यासाठीं तो नळी लांकडांतून काढून वजनदार, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या पन्हळीवर ठेवून गोळ्या झाडीत असे. लांकूड काढून टाकणें हा प्रयोगशाळेंतील उपाय झाला. खांद्याला लावावयाच्या बंदुकीस दस्ता हवाच.

आणि लांकडाचा स्वभाव तर आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. श्रावणांत जें दार चौकटींत अडकून बसतें, त्याच दाराच्या फटींतून माघांत वारा येतो. लांकूड हवेंतील ओलावा पितें व सोडतें. आणि तसें करतांना तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें व आकसतें, लांबीच्या दिशेनें मात्र जवळजवळ मुळींच नाहीं. पेनसिल्व्हानियांत उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यांत घरें यंत्रानें तापविलेलीं म्हणून आंतील हवा कोरडी. सत्तराहून अधिक वर्षें दरसाल हा एक हेलकावा त्या दस्त्यानें खाल्ला होता.

निदानास आरंभ करण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं बोल्ट उघडून नळींत पाहिलें, काडतुसाच्या जागीं करंगळी घालून पाहिली, आणि मग मलाहि तसेंच करावयास लाविलें. बंदूक रिकामी आहे हें दोघांनीं आपापल्या बोटानें जाणल्याखेरीज कामास हात लावावयाचा नाहीं, असा त्यांचा दंडक होता. नंतर त्यांनीं कागदाची एक पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्यें घालून मागें ओढीत नेली. ती दोन ठिकाणीं अडकली. पुढें दस्त्याच्या टोंकाशीं त्यांनीं एक डायल गेज लाविला. याचा कांटा इंचाच्या हजाराव्या भागाएवढी हालचालहि दाखवितो. पुढचा स्क्रू सैल करतांच कांटा अकरा घरें सरकला. बैठक निर्दोष असती तर तो एक-दोन घरांपलीकडे गेला नसता. याचा अर्थ, आजवर अॅक्शन बसलेली नव्हती. तिला बळेंच बसविलें होतें.

आणखी एक अपराधी सांपडला. या जुन्या जातींत तीन मुख्य स्क्रूंखेरीज एक चौथा स्क्रू असतो. तो दस्त्याच्या पुढल्या भागांतून नळीलाच खालीं ओढून धरतो. घडविणारांचा हेतु चांगला होता: सर्व कांहीं घट्ट असावें. परंतु दस्ता जसजसा ऋतुमानानें हले तसतसा हा स्क्रू नळीलाहि आपल्याबरोबर ओढी.

जुनी रीत आणि नवा लेप

पूर्वीचे कारागीर ही बैठक निव्वळ हातानें जुळवीत. पोलादावर काजळी लावावी, तें खोबणींत ठेवून दाबावें, उचलावें, आणि लांकडावर जेथें काळा डाग उमटेल तेवढेंच पटाशीनें खरवडावें. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. सर्वत्र सारखा डाग उमटेपर्यंत हें चालावयाचें. विद्या मोठी, पण तिनें घडविलेली जागा लांकडाचीच. म्हणून ऋतूप्रमाणें पुन्हा हलणारी. दुसऱ्या महायुद्धानंतर इपॉक्सी राळ बाजारांत आली तेव्हां या कामास निराळें वळण लागलें. घरांत फुटलेली कपबशी आपण ज्या दोन नळ्यांतील अॅराल्डाइटनें जोडतों, त्याच कुळांतील ही राळ. राळ आणि तिला घट्ट करणारें द्रव्य हीं दोन मिसळलीं कीं, कांहीं तासांत त्यांचा दगड होतो. आणि घट्ट होतांना तो फारसा आकसत नाहीं, हाच त्याचा मोठा गुण.

हें ऐकून मला 'बृहत्संहिते'ची आठवण झाली. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें त्या ग्रंथांत वज्रलेपाचें प्रकरण लिहिलें आहे. कच्चीं टेंभुर्णीं, कच्चीं कवठें, सांवरीचीं फुलें इत्यादि द्रव्यें पाण्यांत उकळून, आटवून, तो लेप देवालयें व मूर्ति यांच्या कामीं वापरावयास त्यानें सांगितलें आहे. पंढरपूरच्या मूर्तीस वज्रलेप केल्याच्या वार्ता आपण वृत्तपत्रांत वाचतों, तेव्हां हाच प्राचीन शब्द आपल्या जिभेवर येतो. मीं शेजाऱ्यांना हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं राळेच्या डब्यावर खडूनें 'वज्रलेप' असें रोमन अक्षरांत लिहून ठेविलें.

येथें एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक बंदुकीस हाच उपचार लागू नाहीं. ज्यांनीं शाळेंत-कॉलेजांत एन्. सी. सी. चें शिक्षण घेतलें त्यांना ३०३ बोअरची ली-एन्फील्ड आठवत असेल. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत ती दीर्घकाळ तयार होत असे. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, आणि तिची नळी मोकळी सोडलेली नसते. पुढें तोंडाशीं लांकडानें तिला खालून ठराविक दाब द्यावा अशीच तिची रचना आहे. जो उपाय एकीला औषध तो दुसरीला अपाय. म्हणून घडणीचा हेतु समजल्यावांचून पटाशी हातीं धरूं नये. आणि आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाप्रमाणें बंदुकीची दुरुस्ती हें परवाना असलेल्या कारागिराचेंच काम आहे; घरीं करावयाचें नव्हे. तिकडे स्वतःच्या बंदुकीवर असें काम करण्याची सर्रास चाल आहे, म्हणूनच तें मला पाहावयास मिळालें.

प्रत्यक्ष काम

प्रथम शेजाऱ्यांनीं खोबणींतील लांकूड थोडथोडें खरवडून सुमारें एक दोरा खोल केलें. मात्र अॅक्शनची मूळ उंची न ढळावी म्हणून दोन लहान जागा जशाच्या तशा राखल्या. स्क्रूंच्या भोंकांभोंवतीं अॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसविल्या. स्क्रू आवळतांना लांकूड चिरडूं नये, दाब धातूवर यावा, हा त्यांचा उपयोग. नळीखालची खांच घांसून इतकी रुंद केली कीं, कागदाची पट्टी आतां कोठेंहि न अडकतां शेवटपर्यंत सरकली. चौथा स्क्रू काढून बाजूस ठेविला.

नंतरचें काम सर्वांत नाजूक. राळ पातळ असतांना जेथें जेथें शिरेल तेथें घट्ट होऊन बसेल. पोलादांत एखादें भोंक किंवा खांच उघडी राहिली आणि तींत राळ शिरून खिळ्यासारखी अडकली, तर अॅक्शन त्या दस्त्यांतून जन्मांत निघावयाची नाहीं. काढावयाची म्हणजे दस्ता फोडावयाचा. म्हणून लहान मुलें खेळतात त्या रंगीत मेणमातीनें सर्व पोकळ जागा बुजविल्या. धक्क्याच्या ठोकळ्याच्या पुढल्या अंगास, दोन्ही बाजूंस आणि तळाला चिकटपट्टी लाविली. मागील अंग मात्र उघडें ठेविलें. पट्टी काढल्यावर त्या बाजूंना बारीक फट राहावी आणि धक्का फक्त मागच्या अंगानेंच घ्यावा, असा त्यांतील हेतु. सरतेशेवटीं जेथें जेथें राळ लागण्याचा संभव आहे अशा प्रत्येक पोलादी पृष्ठावर मेणाचा पातळ थर द्यावयाचा, म्हणजे राळ त्यास चिकटत नाहीं. हें मेण लावण्याचें काम मजकडे आलें. मीं ठोकळा, अॅक्शनचा तळ, बाजू, स्क्रू, स्क्रूंचे आटे, सर्वांस मेण लाविलें. निदान मला तसें वाटलें.

रात्रीं हातमोजे घालून त्यांनीं राळ आणि तिचें जोडद्रव्य समभाग मोजून घोटलें, बुडबुडे जाईपर्यंत सावकाश ढवळलें, आणि खोबणींत पसरलें. मग अॅक्शन वरून अलगद खालीं बसविली. बाजूंनीं जी राळ वर आली ती व्हिनेगरमध्यें भिजविलेल्या कापसानें पुसून घेतली. मीं सवयीनें स्क्रू पुढें केले, तेव्हां त्यांनीं मान हलविली. "आतां आवळलें तर पोलाद वांकेल, आणि राळ वांकलेल्या पोलादाचाच ठसा घेईल. मग आपण ताण काढला नाहीं, कायमचा केला." बिनडोक्याच्या दोन खुंट्यांनीं जागा नीट राखून, केवळ रबरी पट्टीनें हलकें बांधून त्यांनीं ती बंदूक उभी करून ठेविली. पोलादानें स्वतःच्या भारानें जितकें बसावें तितकेंच बसावें!

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. ठोकळ्याच्या मागील अंगास मीं मेण लाविलें होतें कीं नाहीं, हें कांहीं केल्या आठवेना. तेंच एक अंग उघडें ठेविलेलें, आणि सर्व धक्का तेथेंच यावयाचा. सत्तर वर्षांचें, एका बापाच्या गालानें गुळगुळीत झालेलें लांकूड माझ्या विसरभोळेपणामुळें फोडावें लागणार, असें वाटून मी दोन वेळां उठून पाणी प्यालों. शाळेंत विद्यार्थ्यांना "पेपर देण्यापूर्वीं एकदां वाचून पाहा" असें मीं कितीदां सांगितलें असेल!

दुसऱ्या दिवशीं चोवीस तास झाल्यावर रबरी पट्टी सोडली. अॅक्शन निघेना. त्यांनीं नळी धरून वर उचलून पाहिली, रबरी हातोडीनें हलकेंच ठोकून पाहिली, ती ढिम्म. मग मीं माझा संशय त्यांना सांगून टाकला. ते कांहीं बोलले नाहींत. तळघरांत हरणाचें मांस ठेवण्याची एक मोठी शीतपेटी होती; तींत त्यांनीं बंदूक सबंधच ठेविली. थंडीनें पोलाद आणि राळ कमी-जास्त आकसतात, आणि त्यांची पकड सुटते. दोन तासांनीं बाहेर काढून पुन्हा हातोडीचा एक हलका ठोका दिला, तों 'टक्' असा आवाज झाला आणि अॅक्शन वर आली. खालीं खोबणींत तिचें प्रतिबिंब उमटलें होतें; कारखान्यांत कोरलेला अंक देखील उलटा वाचतां येत होता. माझा जीव भांड्यांत पडला. तेव्हां ते हंसून म्हणाले, "तुम्ही घरीं गेल्यावर मीं सगळीकडे पुन्हा एकदां मेण लाविलें होतें. माझें स्वतःचें काम असतें तरी दोनदांच लाविलें असतें." मला मात्र त्यांनीं दिवसभर धाकांत ठेविलें, आणि तें योग्यच झालें.

पुढचें काम थोडें होतें. वाहून आलेले कांठ तासले, स्क्रूंचीं भोंकें किंचित् मोठीं केलीं, म्हणजे स्क्रूनें बाजूस कोठेंहि टेकूं नये. मधला स्क्रू नुसता लागेल एवढाच फिरविला. या जातींत तो जोरानें आवळला कीं अॅक्शन मध्यें वांकते. पुन्हा डायल गेज लावून पुढचा स्क्रू सैल केला. कांटा अर्धें घर हलला. शनिवारीं गांवाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर त्यांनीं त्याच टेकूवरून, त्याच काडतुसांनीं, शंभर यार्डांवर पांच गोळ्या झाडल्या. कागद आणून पट्टीनें मोजला तेव्हां अंतर सव्वा इंच भरलें. तीन आठवड्यांनीं, बर्फ पडल्यावर, पुन्हा झाडल्या. समूह जागचा हलला नव्हता.

अशा सूक्ष्मतेचें मोल आपल्या प्रांतासहि ठाऊक आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटर प्रोन प्रकारांत जगज्जेतेपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर तीन स्थिति प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. या स्पर्धांत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें. स्पर्धेच्या बंदुकांचे दस्ते आतां बहुधा अॅल्युमिनियमचे असतात. परंतु अॅक्शन ताणावांचून बसली पाहिजे हा नियम तेथेंहि तोच.

मी व्याकरण शिकविणारा. मला हें सर्व पाहून संधिप्रकरण आठवलें. दोन स्वर जवळ आले कीं त्यांचा संधि व्हावा हा सामान्य नियम. परंतु 'हरी एतौ' येथें 'हर्येतौ' होत नाहीं. द्विवचनांतील तो ईकार प्रगृह्य आहे, म्हणून शेजारीं स्वर असूनहि तो आपल्या मूळ रूपांत राहतो. बंदुकींतहि तसेंच. अॅक्शन आणि दस्ता यांचा संधि पूर्ण हवा, तिळाएवढी फट चालत नाहीं. आणि नळी त्याच दस्त्यावर असून प्रगृह्य, तिला कोणी स्पर्श करूं नये. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या माणसास हें समजावयास वेळ लागत नाहीं. आमच्या घरीं एके काळीं एकवीस पानें मांडलीं जात. तेथें जीं भांडणें झालीं तीं आठवून पाहतां, कर्त्या माणसांचें प्रेम कमी पडलें असें कोठेंच दिसत नाहीं. ज्याला आधार हवा होता त्याच्याखालीं फट राहिली होती. आणि ज्या तरुणास मोकळें सोडावयाचें, तेथें सर्वांनीं मिळून तो चौथा स्क्रू आवळला होता. त्या कर्त्यांपैकीं मीहि एक होतों.

तो स्क्रू शेजाऱ्यांनीं फेंकला नाहीं. एका लहान डबींत घालून, "तुझ्या पणजोबांच्या बंदुकीचा, लावूं नये, हरवूं नये" अशी चिठ्ठी त्यावर चिकटवून, त्यांनीं ती डबी बंदुकीबरोबर नातीच्या हातीं दिली.

हंगामाच्या पहिल्या दिवशीं ती आजोबांबरोबर पहांटे गेली आणि सायंकाळीं रिकाम्या हातानें परतली. मी कुंपणाशीं उभा होतों. काय झालें म्हणून विचारतां ती म्हणाली, "दोनशें यार्डांवर एक मोठा नर उभा होता. बंदूक पोंचली असती. पण माझा हात पोंचेल अशी मला खात्री नव्हती, म्हणून चाप ओढला नाहीं." आजोबा त्यावर कांहीं बोलले नाहींत. मोटारखान्यांत दिवा लावून त्यांनीं बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री केली, दस्त्यावरचें बर्फाचें पाणी फडक्यानें टिपलें, आणि तिन्ही स्क्रू एकेक करून तपासले. एकहि हलला नव्हता.